घरच्या माणसाचं तिकीट

गच्चीवर मी कपडे वाळत घालत होते आणि पांझरा नदीच्या बाजूने पऱ्हाटीचा धूर आला. कापूस उपटल्यावर उरलेल्या काड्या आमच्याकडे वर्षभर परसात रचून ठेवतात. थंडी पडली की त्या बाहेर निघतात आणि त्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात. काड्यांचा कोरडा धूर आणि त्यात वांग्याची साल करपल्याचा वास. खानदेशातल्या माणसाच्या तोंडाला या वासाने पाणी सुटतं. माझंही सुटायचं. गेल्या हिवाळ्यापासून मात्र या वासाने आधी माझ्या कपाळाची शीर उठते, पाणी नंतर सुटतं. मी चिमटे तोंडात धरून तशीच उभी राहिले आणि गेल्या वर्षीचा सगळा संताप जसाच्या तसा परत आला.

गेला हिवाळा मी घरच्यांकडून मागून घेतला होता. इथे धुळ्याच्या देवपुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत असे. पगार थोडा, पण दर महिन्याला येणारा. तो सोडून घरी बसून लोकांच्या वेबसाइट तयार करायच्या, असं मी ठरवलं तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फक्त एवढंच विचारलं, की त्याचे पैसे कोण देतं. मी म्हटलं, ज्याचं काम तो देतो. ते म्हणाले, बरं, एक हिवाळा बघ. होळीपर्यंत जमलं तर तुझं खरं, नाहीतर क्लासचे सर जागा ठेवतो म्हणालेतच. आबांचं हे बोलणं रागाचं नव्हतं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, की खुर्चीत बसून, कुणाच्या हातात काहीही न देता माणूस कमावतो कसा.

आबा एसटीत कंडक्टर होते, धुळे डेपोला. त्यांचं कामही तसं हातात न येणारंच, पण तिथे तिकीट असायचं. लहानपणी मी त्यांच्या गाडीत बसले, की ते आधी स्वतःच्या खिशातून माझ्या तिकिटाचे पैसे बॅगेत टाकायचे आणि तिकीट फाडून माझ्या मुठीत द्यायचे. "घरना माणूसनं तिकीट पयले," म्हणायचे. आईच्या माहेरची माणसं शिंदखेड्याच्या गाडीत चढून "आपलाच जावई शे" म्हणत खिडकीशी बसायची, तर जावई त्यांच्यापुढेही हात पसरून उभा. काही मामेमंडळी त्यावरून दिवाळीला बोलेनाशी झाली होती. आई अजूनही तो विषय निघाला की भांडी जोरात ठेवते.

तर त्या मागून घेतलेल्या हिवाळ्यातलं माझं पहिलं मोठं काम होतं नानांचं. नाना हे आमच्या लांबच्या ओळखीतले. जळगावात त्यांचं शेतीच्या औषधांचं भरभराटीचं दुकान आणि भडगावजवळ गिरणेकाठी शेत. त्या शेतावर त्यांनी भरीत-पार्टीची सोय काढली होती. पुण्या-नाशिकची माणसं पोराबाळांसह यायची, बाजेवर बसायची, केळीच्या पानावर भरीत खायची आणि चुलीबरोबर फोटो काढून परत जायची. नानांना वेबसाइट हवी होती आणि ती चंपाषष्ठीच्या आधी हवी होती. आमच्याकडे चातुर्मासात वांगं न खाणारी घरं पुष्कळ. ती चंपाषष्ठीला खंडोबाला भरताचा नैवेद्य दाखवून वांग्याला हात लावतात, आणि मग जी झुंबड उडते ती पाहवत नाही.

मी ते काम जीव ओतून केलं, हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. शेतावर जाऊन सकाळच्या धुक्यात फोटो काढले. हिरवट पांढरी, तळहातात न मावणारी वांगी, त्यांना तेलाचा हात आणि सुरीची टोचणी. काड्यांच्या जाळात ती फुसफुसतात, रस गळतो, जाळ चरचरतो. मग काळी साल सोलून गर लाकडी भांड्यात ठेचायचा आणि त्यावर लसूण, हिरवी मिरची, शेंगदाण्यांची कडकडीत फोडणी ओतायची, वरून पातीचा कांदा. हे सगळं मी पडद्यावर असं मांडलं, की बघणाऱ्याला ठसका लागावा. नानांनी दहादा बदल सांगितले. फोटो मोठा करा, नाव त्याहून मोठं करा, माझा फेट्यातला फोटो वर घ्या. मी सगळं केलं.

बुकिंगच्या पानावर काय लिहायचं, ते नानांनी स्वतः फोनवर सांगितलं. सावकाश, एकेक शब्द तोलून. "आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय चूल पेटणार नाही." मग म्हणाले, "ठळक अक्षरात टाका. लोक फार लबाड झाले आहेत हल्ली. खाऊन पिऊन हात पुसतात." मी म्हटलं, खरंय नाना. ठळक अक्षरात टाकलं, खाली पैसे भरायचं बटण लावलं, आणि ते लावताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की माझी चूल कशी काय पेटली. मी बयाणा म्हणून एक रुपयाही घेतला नव्हता. बैल घेताना, कापूस तोलताना, मंडप सांगताना बयाणा द्यायची-घ्यायची सवय असलेल्या मुलखातली मी. पण ओळखीत कसं मागायचं?

चंपाषष्ठीच्या आधी वेबसाइट सुरू झाली. नानांच्या शेतावर गाड्यांची रांग लागली. आणि माझ्या पैशांचं काय, तर "बघतो." मग "या आठवड्यात." मग "दुकानाचा माल आलाय, तो निघू द्या."

त्या दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. अजूनही ती आठवली की हातातलं काम थांबतं. नाना काम सांगताना छापील मराठी बोलायचे. "मला हे उद्यापर्यंत पूर्ण करून हवं आहे." त्यात कुठे घर नव्हतं, नातं नव्हतं, चक्क शेटजी बोलायचा. आणि मी पैशांचं नाव काढलं रे काढलं, की नाना अहिराणीत शिरायचे. आवाज मऊ व्हायचा, शब्दांना साय यायची. "पैसासनं काय लई बठनी व माय? तू ते घरनी पोर शे." पैशांचं काय घेऊन बसलीस, म्हणे.

माझ्या आईची भाषा आहे ती. तिच्यात मला जोजवलं, तिच्यात मला दटावलं. त्या भाषेत कुणी "माय" म्हटलं की माझी मान आपोआप खाली जाते. आणि हा माणूस तीच भाषा कुलपासारखी वापरत होता. आपली बोली मरत चालली म्हणून गळे काढणारे पुष्कळ बघितले, पण तिचा असा उपयोग करणाऱ्याला काय म्हणायचं? औषधाच्या कंपनीचा माणूस बिलाचे पैसे मागायला येतो, तेव्हा नाना त्याला "घरना पोऱ्या शे" म्हणतात का? पेट्रोल पंपावर म्हणतात का? घरचं कोण, हे काम झाल्यावरच बरं ठरतं.

शेवटी नाना म्हणाले, शेतावर ये, एकदाचं मिटवून टाकू. मी धुळ्याहून पारोळ्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीने भडगावला गेले. थंडी चांगली बोचत होती. शेतावर पाहुण्यांची गर्दी, नाना फेटा बांधून फिरत होते. मला पाहून दोन्ही हात पसरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आपली पोर. बठ्ठं कॉम्प्युटरनं काम हिनीच कयं." मी खुश झाले, कबूल करते. मग मला पानावर बसवलं. मी म्हटलं, नाना, आधी ते... "पयले जेवी ले."

आणि मी जेवले. इथेच सगळं फसलं, आणि ते कसं फसलं, हे फक्त आमच्याकडच्या माणसालाच कळेल. ज्याच्या पानावर बसून जेवलो, त्याच्याकडे हात धुतल्या धुतल्या पैसे मागायचे नाहीत. हे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. नानांनी स्वतः वाढलं, आग्रह करकरून वाढलं, कळण्याच्या, म्हणजे उडीद-ज्वारीच्या भाकरीवर तेल ओतलं, मला ठसका लागला तर पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली माझा विषय गिळला गेला. निघताना त्यांनी पिशवीभर वांगी माझ्या हातात दिली. "आईले सांग, नानास्नी दिधात."

परतीच्या गाडीत ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसले होते. चकचकीत, देखणी वांगी. पारोळ्याच्या पुढे मला रडू आलं, आणि शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का. मी नाही म्हटलं. तिला काय सांगणार, की इतक्या दिवसांची मेहनत वांग्यात फिटली?

घरी आबांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर उघडला. आई म्हणाली, "वांगा ते मस्त शेतस." तिने भरीत केलं. आणि राग कशाचा आला सांगू? ते भरीत अतिशय छान झालं होतं. मी दोन भाकरी खाल्ल्या.

होळीनंतर मी परत क्लासला जाऊ लागले. हिवाळा संपला होता आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. शब्द दिला होता, तो पाळला. सरांनी जुनीच खुर्ची दिली, तिचा एक पाय अजून लटपटतच होता. घरात कुणी मला टोचून बोललं नाही, आणि तेच जास्त लागत होतं. आई पाहुण्यांना सांगायची, "मधी घरी होती थोडे दिवस." म्हणजे मी आजारी असल्यासारखी.

लोकांनी सल्ले दिले. करार करायचा ना लिहून. आधी पैसे घ्यायचे ना. हे सांगणारे सगळे जेवण झाल्यावर हात धुताना सांगतात. आणि त्यातलेच अर्धे नंतर म्हणतात, माझ्या मेव्हण्याचं छोटंसं काम आहे, दोन बटणं तर दाबायची. अहो, दोन बटणं दाबायची असतील तर दाबा ना! वांगं निदान हातात घेऊन दाबून तरी बघता येतं. माझं काम नीट झालं की ते दिसत नाही, फक्त तुमची वांगी दिसतात. पण म्हणून ते फुकटात उगवलं असं होतं का?

कुणी म्हणालं, बंद करून टाक वेबसाइट. ते माझ्या हातात होतं. वेबसाइटचा पत्ता माझ्या नावावर घेतलेला, सर्व्हरवरची जागा माझ्या भाड्याची, चाव्या, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे. एका दुपारी मी बसलेही होते तेवढ्यासाठी. समोर बुकिंग दिसत होती. नाशिकचं एक कुटुंब, सोबत आजारातून उठलेली आजी, तिला भरीत खायचंय असं त्यांनी लिहिलेलं. पैसे भरलेले. त्यांनी काय केलं होतं माझं? मी उठले आणि पाणी प्यायले. ही माझी भलाई होती की खाल्लेल्या मिठाची भीती, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. वेबसाइट वर्षभर चालू राहिली, आणि तिच्या जागेचं भाडं मी भरत राहिले. क्लासच्या पगारातून!

पावसाळ्यात शिंदखेड्याच्या एका गणवेशवाल्या दुकानदाराने विचारलं, काम कराल का. मी फोनवर होते आणि गच्चीचा कठडा घट्ट धरला होता. म्हटलं, करते, पण आधी तिसरा हिस्सा बयाणा लागेल. काम माझ्याच जागेवर दाखवेन, बाकी पैसे आले की चाव्या तुमच्या. मला वाटलं, आता म्हणेल, ताई, आपल्यात कशाला. तो म्हणाला, "बरं. कशावर पाठवू?"

बस्स. इतकंच होतं ते! फोन ठेवल्यावर आनंद व्हायला हवा होता, तर मी चिडले. जगात सरळ माणसं होती, आणि मी एका वाकड्या माणसाच्या हिशेबाने सगळ्यांसमोर मान खाली घालून बसले होते. त्यानंतर तशीच आणखी कामं आली. क्लास मी अजून सोडलेला नव्हता. आबांना मी काही सांगितलं नाही. एकदा सांगून झालं होतं.

आणि आता पुन्हा हा धूर. चंपाषष्ठी जवळ आलेली, आणि नानांच्या वेबसाइटच्या पत्त्याची मुदत संपत आलेली. नानांचा फोन येणार हे मला माहीत होतं. आलाच.

"सीझन सुरू होतोय. नवीन फोटो टाकायचे आहेत. आणि ते मुदतीचं बघून घ्या." छापील मराठी.

मी म्हटलं, "नाना, मागचे पैसे आले की मुदत वाढवते."

मग साय आली. "व माय, तू बी का? ये ना शेतवर. भरीत खाई जाय. बोलूत."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ त्याच वेबसाइटकडे पाहत बसले. नानांचा फेट्यातला फोटो, माझी वांगी, माझं बटण. ठळक अक्षरात नानांचं वाक्य. मग मी ते बटण दाबलं. तीन माणसं. नाव टाकलं, वार टाकला, तिघांचे पूर्ण पैसे भरले. बुकिंग पक्की झाल्याचा मेसेज आला. त्यातला मजकूरही मीच लिहिलेला, "आपली चूल पेटली आहे."

आबा म्हणाले, "पैसे भरून वांगं खायला भडगावला जायचं? वेड लागलंय का?" मी म्हटलं, चला तर खरं. आईने नवी साडी नेसली.

शेतावर तीच थंडी, तोच धूर. गिरणेवरून वारा येत होता आणि जाळ एका अंगाला झुकत होता. नानांनी मला पाहिलं, हात पसरले. तेवढ्यात त्यांच्या माणसाने हातातल्या मोबाइलवर पाहून सांगितलं, "नाना, हे बुकिंगचे आहेत. पैसे भरलेत." नानांचे हात तसेच राहिले.

"तू कसाले पैसा भरात? घरमा कोनी पैसा भरस का?"

मी म्हटलं, "तुम्हीच लिहायला सांगितलंय ना नाना. त्याशिवाय चूल पेटत नाही."

आम्ही पानावर बसलो. मी पहिला घास घेतला, आणि काय सांगू, त्या घासाचं ओझं नव्हतं. मीठ माझ्या पैशांचं होतं. शेजारच्या रांगेत पुण्याची काही माणसं जेवत होती. मी सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "नाना, मागच्या वर्षीच्या कामाचे पैसे कधी देताय?"

नाना हसले. आबांकडे वळले, त्यांच्या वयाचा माणूस म्हणून. "देखा ना आबा, कशी शे तुमनी पोर. मी का परका शे?"

आबांना तोवर यातलं फारसं माहीत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात पैसे आले नाहीत एवढंच ते जाणत होते. कुणी दिले नाहीत, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला. भिंतीवर लावलेल्या मोठ्या फलकाकडे पाहिलं, ज्यावर वेबसाइटचा पत्ता रंगवला होता. भोवतालच्या गर्दीकडे पाहिलं.

"हाई बठ्ठी मानसं इनी वेबसाइट देखीसन उनात?"

"हो ना, सगळी वेबसाइट बघूनच आली," नाना म्हणाले, जरा अभिमानानेच.

आबांनी डावा हात पुढे केला. उजवा भरताने माखलेला होता. तळहात वर, बोटं किंचित वाकलेली. जन्मभर गाडीतल्या गर्दीत तो हात मी असाच पुढे झालेला पाहिला होता.

"नाना, वरीसभर मनी पोरनी गाडीमा बठनात. तिकीट काढं का?"

पुण्याची माणसं खायची थांबली. नाना पुन्हा हसले, पण आबा हसत नव्हते आणि हात मागे घेत नव्हते. आई पानाकडे बघत बसली होती, पण या वेळी तिने भांडं आपटलं नाही. शेवटी नानांनी मोबाइल काढला. चुलीवरची भाकरी उलटून पुन्हा सुलटी होईपर्यंत माझे पैसे आले. पूर्ण. म्हणजे वर्षभर पैसे नव्हते असं नव्हतंच. एका भाकरीएवढा वेळ लागतो ज्याला, त्यासाठी माझा एक अख्खा हिवाळा गेला, आणि मी लटपटत्या खुर्चीवर परत गेले. धन्यवाद म्हणायची सवय जिभेवर आली होती. मी ती गिळली आणि वर पाणी प्यायले.

घरी येऊन त्याच संध्याकाळी मुदत वाढवली, चाव्या नानांकडे पाठवल्या. नवीन फोटोंचा बयाणा किती, तेही खाली लिहिलं. ठळक अक्षरात.

पण त्याआधी परतीचा प्रवास होता. पारोळ्याहून धुळ्याची गाडी. आई खिडकीशी, मी मध्ये, आबा कडेला. ऊन कललं होतं, कपड्यांना धुराचा वास येत होता. आबांच्या गाडीत असो की दुसऱ्याच्या, ते सोबत असले की माझं तिकीट आजवर आबांनीच काढलं आहे. क्लासला पगार होता तेव्हाही. मी पर्समध्ये हात घातला की ते माझं मनगट धरायचे.

कंडक्टर आला. तरुण होता, आबांना ओळखत नव्हता. आबांनी पैसे पुढे केले.

"दोन दे."

कंडक्टरने माझ्याकडे बोट केलं. "आणि ह्या?"

"तिनं ती काढी," आबा म्हणाले. "ती कामवरथीन ई राहिनी."

कामावरून येणाऱ्या माणसासारखी मी पर्स उघडली, आणि या वेळी माझं मनगट कुणी धरलं नाही.